प्लॅस्टरचा जबडा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता लेकीने तिला फोनवर हसून दाखवायला सांगितलं. फोनवर. म्हणजे हिने ओट्यापाशी एकटीने उभं राहून, कानाला फोन लावून, समोर रांगेत बसलेल्या डब्यांकडे बघत हसायचं, आणि ते दुसऱ्या शहरात खुर्चीवर बसलेल्या लेकीने तपासायचं. लेक हुशार होती, शाळेत कायम पहिली वगैरे, आणि हुशार माणसं मधूनच ठार मूर्खासारखी कशी बोलू शकतात याचं हिला आयुष्यभर नवल वाटत आलं होतं. "हसलीस का?" लेकीने विचारलं. हसले, ती म्हणाली. दोन्ही बाजूंनी सारखं का? आता हे कोणी मोजायचं, डब्यांनी? मग लेक म्हणाली दोन्ही हात वर कर, त्यावर ती म्हणाली की मग फोन कोण धरणार, तुझे वडील स्वर्गातून खाली येणार आहेत का. लेक हसली नाही. जुनी लेक हसली असती. ही नवी, पन्नाशीला टेकलेली, यादीवर खुणा करत बोलणारी लेक म्हणाली, "आई, तू जिभेवर गरम बटाटा ठेवल्यासारखी बोलतेयस. रविवारीही असंच होतं. तुला कळतंय का?" आणि मग यादी पुढे सरकली. काय खातेस, वजन किती, घराबाहेर शेवटची कधी पडलीस, काल कोणाशी बोललीस. सगळ्यांशी, ती म्हणाली. "एकाचं नाव सांग." नळ ठिबकत होता. तिने नळाकडे बघितलं, आणि तेवढ्या वेळात लेकीने जे लिहायचं ते लिहूनही टाकलं. शनिवारी दहाला येते, म्हणाली. डॉक्टरला दाखवू, आणि मग ती जागा बघू, फोटो पाठवलेत ना, ती. "चार कपडे भरून ठेव. फ्लॅटचं काय ते नंतर ठरवू."

आता यातली खरी गंमत अशी की तिला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. तिने फक्त दात लावलेले नव्हते. ते मोरीतल्या काचेच्या पेल्यात पाण्याखाली पडले होते आणि तिच्यापेक्षा जास्त चांगले हसत होते. एवढंच सांगितलं असतं तर लेकीने यादी मिटली असती. पण ते सांगायचं कोणी? चाळीस वर्षं जिने लोकांचे दात बनवले, कवळीच्या लॅबमध्ये मेणाच्या कडेवर एकेक दात उभा करताना जिचा हात एकदाही चळला नाही, मालक आणि डॉक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे जिला कवळीबाई म्हणत, जिने या लेकीला लहानपणी ब्रश घेऊन घरभर पळवलं, आणि उठल्यावर आधी दात, मग देव, मग चहा असं जिने हजार गिऱ्हाइकांना बजावलं, तिने म्हणायचं की अगं, अकरा वाजलेत आणि माझं तोंड रिकामं आहे, आणि आजच नाही, वर्ष होऊन गेलं? त्यापेक्षा पक्षाघात परवडला. तो निदान आपल्या हाताने होत नाही. तिने ठरवलं, आधी दात लावायचे, मग लेकीला उलटा फोन करायचा आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखं खणखणीत बोलायचं. तिने पेल्यातून कवळी काढली, धुतली, वरची बसवली, खालची बसवली, आरशात बघून "शनिवारी येऊ नकोस" असं म्हणायला तोंड उघडलं, आणि वरची कवळी टाळू सोडून जिभेवर पडली. ठक्. एवढा साधा आवाज. तिने ती पुन्हा दाबून बसवली. पुन्हा ठक्. तिसऱ्यांदा ती दाबून धरायला गेली तर खालची बोटभर वर तरंगली, आणि आरशातल्या बाईच्या तोंडात दोन्ही कवळ्या अशा एकमेकींवर आपटल्या की जणू तोंडात दुसरंच कोणी जेवायला बसलंय.

तिला भीती वाटायला हवी होती, पण आधी राग आला, आणि तो नेहमीप्रमाणे दुसऱ्या कोणावर तरी. राग करायला तिला कधी माणसं कमी पडली नाहीत. चौकातल्या दाताच्या डॉक्टरला तिने फोन लावला तर तिथल्या पोरीने सांगितलं की पुढच्या गुरुवारच्या आत वेळ नाही, म्हणजे नऊ दिवस. त्यातही तो डॉक्टर म्हणजे काल मिशा फुटलेला. तो तोंडात काठी फिरवून पडद्यावर जबड्याचं चित्र काढतो आणि कवळ्या कुठल्याशा यंत्रातून बिस्किटांसारख्या पाडून आणतो. त्या यंत्रांनीच नऊ वर्षांपूर्वी लॅब बंद पाडली. यंत्राचे दात तिला रस्त्यात लांबून ओळखू यायचे. सगळे एका उंचीचे, एका रंगाचे, कवायतीला उभे केलेले. लेकीने पाठवलेल्या त्या जागेच्या फोटोतही तेच. हिरवळीवर आठ म्हातारे, आठही हसतायत, चौसष्ट दात दिसतायत आणि चौसष्टही एका साच्यातले. त्या फोटोखाली लिहिलं होतं की इथे कोणी एकटं नसतं. खरंच आहे, तिने मनात म्हटलं, एकच तोंड आठ जणांत वाटलंय म्हटल्यावर एकटं कोण कसं राहील.

बुधवारी तिने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. त्यात तिची हत्यारं होती, मेणाची सुरी, छोटा दिवा, पॉलिशचे ब्रश, आणि फडक्यात गुंडाळलेला प्लॅस्टरचा जबडा. तिचा स्वतःचा. अकरा वर्षांपूर्वी तिच्या कवळीचं माप घेतलं तेव्हाचा. तिने फडकं सोडलं, जबडा टेबलावर ठेवला आणि वरची कवळी त्याच्यावर अलगद टेकवली, आणि काय सांगावं, ती अशी बसली की मध्ये केस शिरायला जागा नाही. खालचीही तशीच. तिने टेबल हलवलं, कवळी हलली नाही. जबडा उलटा धरला, तरी पडली नाही. तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हं म्हणाली. म्हणजे कवळी बरोबर आहे. चाळीस वर्षांच्या हाताने केलेली वस्तू अकरा वर्षांनी बिघडत नाही. बिघडलं असेल तर फोनच्या तारेत, लेकीच्या कानात, या घराच्या कोरड्या हवेत, चौकातल्या त्या मिसरूडवाल्यात. सबंध बुधवार तिने कवळी प्लॅस्टरच्या मापाला आणखी चोख बसवण्यात घालवला. कडा घासल्या, पॉलिश मारलं, पुन्हा बसवून बघितली. संध्याकाळी प्लॅस्टरच्या जबड्यावर तिची कवळी अशी दिसत होती की प्रदर्शनात ठेवावी. मग तिने ती तोंडात घातली. ठक्.

हा जबडा पांढऱ्याने ओतला होता. पांढऱ्या म्हणजे लॅबमधला प्लॅस्टरवाला. भुवयांपासून चपलांपर्यंत कायम पांढरा असायचा, त्यामुळे त्याला दुसरं नाव उरलंच नव्हतं. डॉक्टरांकडून मापं यायची, त्यात तो प्लॅस्टर ओतायचा, आणि ते जबडे हिच्या टेबलावर यायचे. तिने चाळीस वर्षांत एकदाही जिवंत तोंडात हात घातला नाही, तिला तोंडं आवडत नसत. ओली असतात, बोलतात, त्यांना वास येतो. प्लॅस्टर कसं गप्प असतं. पांढऱ्या मात्र दिवसभर बोलायचा. लग्नं, मयतं, क्रिकेट, पोटाच्या तक्रारी, आणि मधूनमधून इतके फालतू विनोद की तिला मान वर करून त्याच्याकडे बघायचाही कंटाळा यायचा. तिचे शेवटचे चार दात गेले तेव्हा ती कुठल्या डॉक्टरपुढे तोंड उघडायला तयार नव्हती. जेवणाच्या सुट्टीत पांढऱ्याने हात धुतले, तिला स्टुलावर बसवलं, मापाचं भांडं तोंडात घातलं, हनुवटी तळहातात धरली आणि शंभरपर्यंत मोजलं. साठ झाल्यावर म्हणाला, "बाई, आता एक विनोद सांगतो, पण हसायचं नाही, हसलात तर जन्मभर वाकडं चावाल." विनोद भिकार होता. ती हसली नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं, ते त्या मापाच्या मसाल्याने असेल. मग त्याने जबडा ओतला, आणि तळाला ओल्या प्लॅस्टरमध्ये अंगठा दाबून ठेवला. ती भडकली. अंगठा कशाला दाबलास? "सही केली," तो म्हणाला. तिचीही सही होती, पण ती कोणाला सांगितलेली नव्हती. वरच्या ओळीत समोरच्या मोठ्या दातांच्या उजवीकडचा लहान दात ती केसभर वळता लावायची, मुद्दाम. खऱ्या तोंडात कुठला दात सरळ असतो?

लॅब बंद झाल्यावर पांढऱ्या रोज सकाळी साडेनऊला फोन करायचा. आठ वर्षं, रविवार धरून. बोलायला काहीही नसायचं. तुमच्याकडे ऊन आहे का, आमच्याकडे आहे, गुडघा काय म्हणतो. कधीकधी तोच जुना भिकार विनोद. ती चिडून म्हणायची पांढऱ्या, तुला दुसरा धंदा नाही का, आणि तो म्हणायचा, होता, यंत्राने नेला. साडेनऊच्या आत तिचे दात लावलेले असायचे. याचा त्याच्याशी काही संबंध आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं, हे आपलं शिस्तीचं आहे असं वाटायचं. चौदा महिन्यांपूर्वी एका सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी नाही. ती दात लावून ओट्यापाशी उभी राहिली, गाढवाने फोनचं बिल भरलं नसेल असं स्वतःशी म्हणाली. चौथ्या दिवशी त्याच्या सुनेचा आला. झोपेतच गेले, म्हणाली, त्रास नाही झाला, तुमचा नंबर त्यांच्या वहीत पहिलाच होता. पाचव्या दिवशी सकाळी तिने पेल्याकडे बघितलं आणि हात पुढे केला नाही. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. नुसता एक दिवस. मग रविवारी लेकीच्या फोनपुरते लावायला लागली. दात लावलेले नाहीत म्हणून दार वाजलं तरी उघडेनाशी झाली, कडक काही चावता येईना म्हणून बिस्किटं चहात बुडवू लागली, मग उकडलेला बटाटा, मग केळं, मग नुसताच चहा. दात नाहीत म्हणून बाजारात कोण जाणार, आणि बाजारात जायचं नाही तर दात कोणासाठी लावायचे. चाक असं गुळगुळीत फिरत होतं की त्याचा आवाजही येत नव्हता. अलीकडे रविवारीही दात निसटायला लागले तेव्हा तिने फोन हं, हो, बरं यांच्यावर भागवला. आणि मंगळवारी लेकीने वार मोडून फोन केला, म्हणून पकडली गेली.

बुधवारी त्या ठक्नंतर तिने एक गोष्ट केली, जी चाळीस वर्षांत तिला कधी सुचली नव्हती. डावा अंगठा प्लॅस्टरच्या हिरडीवर ठेवला आणि उजवा स्वतःच्या तोंडात घातला. प्लॅस्टरची हिरडी उंच, गोल, धष्टपुष्ट. तोंडातली म्हणजे जुन्या चपलेची झिजलेली टाच. गालही आत गेलेले, जीभ पसरून मोकळ्या जागेत पाय ताणून बसलेली, कोणी येणार नाही हे माहीत असलेल्या पाहुण्यासारखी. अंगठा काढून ती खुर्चीत बसली. गिऱ्हाइकांना तीच सांगायची की तोंड काही दगडाचं नसतं, वापरलं नाही की बसतं, वर्षा-दोन वर्षांनी येऊन दाखवत जा. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट, आणि सबंध दिवस ती कवळी मापत होती कशाला, तर जो जबडा कधी कोणाशी बोलला नाही, जेवला नाही, रडला नाही, म्हणून झिजलाही नाही, त्याला. असली चूक दुसऱ्या कोणाला करता आली नसती. त्यासाठी कवळीबाईच असावं लागतं. तिला स्वतःविषयी जे वाटलं ते ती आजवर फक्त दुसऱ्यांसाठी राखून ठेवत आली होती, आणि ते इतकं कडू होतं याची तिला कल्पना नव्हती.

गुरुवारी ती घराबाहेर पडली. दाताच्या सामानाचं दुकान जुन्या लॅबच्या मागच्या गल्लीत होतं. तिला मऊ अस्तर हवं होतं, पावडर आणि पातळ औषध, ते कालवून कवळीच्या आतून लावायचं आणि कवळी तोंडात बसवायची, की मधली पोकळी भरून निघते. बावीस पायऱ्या ती कठडा धरून, एकेका पायरीला शिव्या देत उतरली. दुकानात तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून तिने बोटाने फडताळ दाखवलं. गल्ल्यावरचा माणूस नवा होता. त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं, आणि ती बहिरी आहे असं ठरवून ओरडायला लागला. "कोणासाठी हवंय आजी? चिठ्ठी आणलीय? सोबत कोण आहे?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही वळून बघायला लागली, अशा दयेने की तिला त्यांच्या तोंडातल्या सगळ्या चुका मोजून दाखवाव्याशा वाटल्या, एकाचे समोरचे दोन तर चक्क उलटे लावलेले. ज्या दुकानात चाळीस वर्षं तिच्या सहीच्या चिठ्ठ्या यायच्या तिथे तिने कागद ओढून घेतला आणि अस्तराचं नाव, डबीचा आकार, दोन्ही लिहिलं. माणसाने वाचलं आणि आणखी मोठ्याने ओरडला, शाब्बास आजी.

शुक्रवारी सकाळी नऊला तिने अस्तर कालवलं. हात बरोबर चालत होते, त्यांना काही विसर पडला नव्हता. कवळ्यांना लावलं, तोंडात बसवलं, ओठ मिटून पाच मिनिटं घड्याळाकडे बघितलं. तोंडात तिखट वास, गारवा, आणि मग काहीतरी हळूहळू हिरड्यांना धरू लागलं. पण तिला पुढचं माहीत होतं, आणि तेच अडचणीचं होतं. हे अस्तर पाच मिनिटांत पक्कं होत नाही. ते दिवसभर मऊ राहतं आणि तोंड जसं चालेल तसं आकार घेतं. म्हणून गिऱ्हाइकांना सांगायचं असतं की आज दिवसभर बोला, चावा, गिळा, बोला. एकदा एका निवृत्त न्यायाधीशाने अस्तर लावून घेतलं आणि सवयीप्रमाणे दिवसभर गप्प बसला. दुसऱ्या दिवशी कवळी अप्रतिम बसली होती, फक्त गप्प तोंडाला. नमस्कार म्हणायला गेला आणि पडली. लॅबमध्ये सगळे आठवडाभर हसत होते, ती सगळ्यांत जास्त. आता ती त्या न्यायाधीशाच्या जागी ओट्यापाशी उभी होती, आणि शनिवार दहाला चोवीस-पंचवीस तास उरले होते, आणि बोलायचं होतं.

तिने आधी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. दुसऱ्याच रकान्यात ती पुटपुटायला लागली. स्वतःशी बोलताना माणूस अर्धंच तोंड उघडतं हे तिच्या लक्षात आलं, ऐकणारं कोणी नसलं की अक्षरं पूर्ण कशाला करायची. मग गॅसच्या तक्रारीचा नंबर लावला. तिथे बाई छान बोलत होती, पण ती टेपवरची होती, एक दाबा, दोन दाबा, तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. लेकीला तर लावता येत नव्हतं, आत्ताचं बोलणं मंगळवारच्याहून वाईट निघालं असतं. तिने वही काढली. पहिल्या पानावर पांढऱ्याचा नंबर होता. पुढची पानं तिने भराभर उलटली, एकेक नावाजवळ थांबली, आणि प्रत्येकाच्या बाबतीत आठवलं की आपण त्याला केव्हा आणि कशावरून मूर्ख म्हटलं होतं. बहुतेक वेळा बरोबरच म्हटलं होतं. वही संपली तेव्हा पावणेदहा झाले होते, आणि समोरच्या दारातून आवाज येत होता, तो रोजच येतो, भांड्यांशी, कुंड्यांशी, जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याशी, आणि कोणी नसलं तर छताशी बोलणारा. समोरची. सगळी इमारत तिला रेडिओ म्हणते.

रेडिओइतकं तुच्छ तिने दुसऱ्या कोणाला मानलं नसेल. बाई सकाळी बागेत जाते, तिथे दहाबारा म्हातारे गोल उभे राहतात आणि हात वर करून हा हा हा करतात, विनोदाशिवाय. खिडकीतून ते दिसायचं आणि कवळीबाई वरून मोजायची, कोणाची वरची पडायला आली, कोणाची खालची उचलली जाते. रेडिओ दर महिन्याला दार वाजवून म्हणायची, ताई, चला ना एकदा. रेडिओच्या दाराला कधी कडी नसते, दार आपटू नये म्हणून खाली चप्पल अडकवलेली. तो सगळा उघडेपणा हिला बघवत नसे, माणसाने निदान दार तरी लावावं. आणि आता दोन दारांमधली सात पावलं चालून ती त्या चपलेपाशी उभी राहिली. रेडिओने मान वर केली. मांडीवर शेंगांची टोपली होती. "अगंबाई, ताई," ती म्हणाली. कवळीबाई म्हणाली, "मला दिवसभर बोलायचंय. आज संध्याकाळपर्यंत. औषध आहे." ते सात शब्द तोंडात असे घरंगळले की तिचे कान तापले. रेडिओने एवढंच विचारलं की फक्त आजचाच दिवस का, आणि मग खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून जागा केली.

पहिला तासभर रेडिओच बोलली, अर्थात. औषध म्हणजे काय हे तिने विचारलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं. भाच्याचं दुकान, गच्चीतल्या टाकीला गेलेला तडा, बागेतल्या एकाने दुसरं लग्न ठरवलं त्यावर बाकीच्यांनी घातलेला गोंधळ. कवळीबाई मध्ये मध्ये शब्द टाकत होती, गोटीसारखे, गोल आणि ओले. मग शेंगा सोलता सोलता रेडिओ सहज म्हणाली, "तुमच्याकडे सकाळी साडेनऊला फोन वाजायचा. माझं दार उघडंच असतं ना. मला त्यावरूनच वेळ कळायची, मी कुकर तेव्हा बंद करायची. मग वाजायचा थांबला. मी दोनदा दार वाजवलं त्या आठवड्यात." कवळीबाईला ते वाजवणं आठवलं. ती मोरीत होती, पेल्यासमोर. ही पुन्हा आली बागेचं घेऊन, असं तिने मनात म्हटलं होतं आणि श्वास रोखून धरला होता, दारातलं माणूस जाईपर्यंत. तिला काहीतरी बोलायला हवं होतं. चौदा महिने न बोललेल्या माणसाकडे सांगण्यासारखं खूप साठतं असं लोकांना वाटतं, ते साफ खोटं आहे. काही साठत नाही. सगळं आटतं. तिने आत शोधलं तर हाताला लागला तो तिचा जुना विश्वासू तिरस्कार, तेवढाच अजून धारदार होता. मग तिने तोच काढला. "तुमचा वरचा, उजवीकडचा लहान दात जरा वळलेला आहे," ती म्हणाली.

"जन्मापासून," रेडिओ म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे ओठ त्याच्यावर ओढून घेतला. "आमच्या घरात सगळ्यांचा तसाच."

"जन्मापासून नाही. सोळा वर्षांपासून. मी वळवलाय तो." रेडिओचे हात शेंगांत थांबले. "नदीकडच्या डॉक्टरांकडून कवळ्या करून घेतल्यात तुम्ही. तिथलं सगळं काम आमच्याकडे यायचं. तुम्ही इथे राहायला आलात, जिन्यात हसलात, तेव्हाच ओळखले मी माझे दात."

रेडिओ गप्प झाली. बारा वर्षांत पहिल्यांदा. खालच्या मजल्यावर कुणीतरी थबकलं असेल, की आज काय झालं. मग ती अगदी हळू म्हणाली, "बारा वर्षं तुम्हाला माहीत आहे. आणि मी मरेस्तोवर लपवतेय." आणि मग तिला हसू फुटलं, बागेतलं नव्हे, वेगळंच, खोकल्यासारखं, टोपली मांडीवरून घसरली, आणि कवळीबाई बघत राहिली की हसताना वरची कवळी सुटते का. सुटली नाही. सोळा वर्षं, आणि केसभर हलली नाही. साहजिकच आहे, दिवसभर वापरात असल्यावर. हे ती मोठ्याने म्हणाली. मग ते कसं हे सांगावं लागलं, मग मेणाचं सांगावं लागलं, मग लॅबचं, त्या उकळत्या पाण्याचं आणि वासाचं, न्यायाधीशाचं, आणि न्यायाधीशाचं सांगताना पांढऱ्याशिवाय पुढे जाता येईना. त्याला तिने सुरुवातीला मूर्खच म्हटलं. तो किती बोलायचा, किती फालतू, कसला भिकार विनोद. कुठला विनोद, रेडिओने विचारलं. तिने तो सांगितला, जसाच्या तसा, पांढऱ्याच्या आवाजात, साठपासून शंभरपर्यंत मोजण्यासकट. रेडिओ म्हणाली खरंच भिकार आहे, आणि डोळे पुसले. मध्ये दोघी जेवल्या, कवळीबाईने काकडी चावली, सावकाश, मागच्या दातांनी, आणि तो आवाज तिला कवटीभर ऐकू आला. दुपारी टाकीचा माणूस आला तर त्याला तिने दारातच गाठून तड्याबद्दल झापलं, रेडिओला त्यातलं काही कळत नाही म्हणून. संध्याकाळपर्यंत तिची अक्षरं एकेक करून कडा धरू लागली. रेडिओ बावळट आहे हे तिचं मत काही बदललं नव्हतं. फक्त आता ते तिला तोंडावर सांगता येत होतं, आणि रेडिओ उलटून म्हणत होती, ताई, तुम्ही म्हणजे नुसतं लिंबू.

शनिवारी सकाळी साडेनऊलाच तिच्या दारावर टकटक झाली. लेक नव्हती, रेडिओ होती, म्हणाली ते औषध आज पण आहे ना? कवळीबाईने दार उघडलं. वारा होता, ते आपटायला लागलं. तिने इकडेतिकडे बघितलं, टेबलावरचा प्लॅस्टरचा जबडा उचलला आणि दाराच्या खाली सरकवला, अंगठ्याची खूण वर येईल असा. वजनाला चांगला होता. त्याला आता दुसरं काही काम उरलं नव्हतं, आणि हे काम तो त्या रेडिओच्या चपलेपेक्षा बरं करत होता.

लेक दहाला आली तेव्हा दोन्ही दारं उघडी होती. तिने आधी दाराखालचा जबडा बघितला, मग घरातली समोरची बाई, मग आई, आणि तिच्या चेहऱ्यावरून सगळी यादी झरझर गेली. "आई, हात वर कर," ती दारातूनच म्हणाली. कवळीबाईने दोन्ही हात वर केले, कंटाळून, शाळेतल्या मुलीसारखे, आणि लेक जवळ येऊन तिच्या तोंडाकडे बघायला लागली. आधी डावा कोपरा, मग उजवा. तिला काहीही सापडलं नाही. लेकीला ती लहान असताना आपण बघायचो तशीच ती आता आपल्याला बघतेय, हे कवळीबाईच्या ध्यानात आलं, ब्रश केलाय की नुसताच पाण्याने ओला केलाय ते. "आवाज बसलाय तुझा," लेक शेवटी म्हणाली, आणि तिच्या खांद्यावरची रिकामी पिशवी घसरून कोपरात आली. "कधीपासून? आणि कपडे कुठे भरलेस?"

"नाही भरले," कवळीबाई म्हणाली. प्रत्येक अक्षर दातांवर वाजलं, घोगरं पण सुटं सुटं. "वेळच मिळाला नाही. काल दिवसभर बोलत होते."